मनगटावरचे तीन ठिपके

माझा राग नाकावर असतो हे आमच्या सौसर गावात सगळ्यांना माहीत आहे. लग्नात पाठवणी करताना आईनं एवढंच सांगितलं होतं, "पुष्पा, तोंड सांभाळजो बाई." मी ते सांभाळलं नाही, आणि त्यानं माझं स्वतःचं फारसं काही बिघडलंही नाही. जे बिघडलं ते माझ्या नणंदेचं बिघडलं. तेच सांगायला बसले आहे.

नणंदेचं नाव कमल. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. मी १९८१ साली या घरात आले तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे केसरबाईंनी, पहिल्याच आठवड्यात मला सगळे कायदेकानून समजावले. पाणी कोणत्या विहिरीचं, चुलीवर आधी काय चढवायचं, आणि शेवटी हळूच, "लोकायसमोर तिच्यासंग हात हालवत नको जाऊ वं. लोकं पाहतेत. पोरीचं लगन व्हाचं हाये अजून."

सासूबाई वाईट नव्हत्या. घाबरलेल्या होत्या. पण मला कोणी नको म्हटलं की तेच करावंसं वाटतं. शिवाय नव्या घरात माझ्याशी सगळे फक्त कामापुरतं बोलत. गप्पा मारायची ती एकटी कमल. अंगणात गहू निवडता निवडता ती मला हातांची भाषा शिकवायची आणि मी चुकले की इतकी हसायची की सुपातले गहू सांडायचे.

ती भाषा तिनं नागपूरहून आणली होती. सासरे भिवाजी हयात होते तेव्हा त्यांनी आठ वर्षांच्या कमलला नॅरोगेजच्या छोट्या रेल्वेगाडीत बसवून नागपूरला नेलं आणि ऐकू न येणाऱ्या मुलांच्या एका शाळेत घातलं. वर्गात ओठांकडे पाहून बोलायला शिकवत आणि हात मांडीखाली दाबून बसवत. पण वसतिगृहाच्या नळावर, कपडे वाळत घालताना, जेवणाच्या पंगतीत पोरापोरींचे हात मोकळे सुटत. ती भाषा कोणी शिकवली नव्हती, मोठ्या मुलांकडून लहानांकडे येत होती. पाच वर्षं कमल तिथं होती, थोडंफार वाचायला शिकली, लिहिणं मात्र जमलं नाही. मग सासरे गेले, तिला नेणारं-आणणारं कोणी उरलं नाही, आणि तेरा वर्षांची कमल सौसरला परत आली. इथं तिचे हात समजणारं एकही माणूस नव्हतं.

वसतिगृहात तिची एक मैत्रीण होती. कमल तिच्याबद्दल बोलायची तेव्हा अंगठा हनुवटीवर दोनदा दाबायची. त्या मुलीच्या हनुवटीवर लहानपणी पडल्याचा व्रण होता, म्हणून तिला सगळे असंच म्हणत. दोघी शेजारी झोपत, एकमेकींच्या वेण्या घालत, शिक्षकांच्या नकला करत. "तिच्यासंग बोलताना मले थांबा लागत नव्हतं," कमलनं एकदा हातांनी सांगितलं. ते मला लागलं. कारण माझ्याशी बोलताना तिला थांबावं लागे. एकेक गोष्ट ती लहान पोराला घास भरवावा तशी तुकडे करून सांगायची, मी मान डोलवली की पुढचा तुकडा.

कमलला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. त्या मैत्रिणीला एकदा भेटायचं. स्थळं येत होती, मोडत होती, त्याचं तिला काही वाटत नसे. दिवाळीत नव्या लुगड्याचंही नाही. वर्षातून दोन-तीनदा मात्र ती माझ्या नवऱ्यासमोर उभी राही, हनुवटीवर अंगठा ठेवी आणि हात पसरून विचारी, कुठं आहे?

माझा नवरा, सुखदेव, नगरपालिकेत कामाला. बहिणीवर यांचा जीव. हे एकदा खास सुट्टी टाकून त्या शाळेत जाऊन आला. तिथल्या बाबूनं विचारलं, मुलीचं नाव काय? हे म्हणाले, हनुवटीवर व्रण आहे. गाव कोणतं? माहीत नाही. बाबू हसला. कागदावरचं नाव कमललाही ठाऊक नव्हतं. पाच वर्षं एका ताटात जेवलेल्या मुलींना एकमेकींची कागदावरची नावं कशाला लागतील? हे पुन्हा कधी त्या शाळेत गेले नाहीत.

कमलची एक खोड होती. एकटी बसली की उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर आपटायची. लहानपणी सासूबाईंनी तिथं दृष्ट लागू नये म्हणून तीन ठिपके गोंदवून घेतले होते. सासूबाई तिचा हात बाजूला सारत आणि म्हणत, "सोड वं, कातडं निघन." मीही कधी कधी सारला आहे.

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात आमच्या शेजारी, मोतीरामजींकडे, टीव्ही आला. उंच बांबूला अँटेना बांधून ते नागपूर पकडायचे. एका रविवारी दुपारी त्यांच्या बायकोनं, शांताबाईंनी, आम्हा दोघींना मुगवड्या टाकायला बोलावलं. घरात टीव्ही सुरूच होता. दारातून पडदा दिसत होता. मी खाली मान घालून वड्या टाकत होते, तेवढ्यात कमलच्या हातातली वाटी पडली.

पडद्यावर एक बाई बातम्या सांगत होती. हातांनी.

शांताबाई हसल्या. "अगं बाई, हे काय करून राहिली? सरकारबी काहीबाही दाखवते."

कमल पिठाच्या हातांनीच आत गेली आणि टीव्हीपासून एका हातावर जाऊन बसली. तिला सगळं कळत नव्हतं, ते मला तिच्या मानेवरून दिसत होतं. दिल्लीचे हात वेगळे होते. पण मधूनच काही ओळखीचं येई आणि ती ते आपल्या हातांनी पुन्हा करून बघे. पाणी. रेल्वे. माणसं मेली. शाळा. चौदा वर्षं होत आली होती तिला दुसऱ्या कोणाचे हात असे बोलताना बघून. दहा-पंधरा मिनिटांत ते संपलं. कमल तशीच बसून राहिली, आणि मी वड्यांच्या कापडापाशी उभी राहून रडले. का रडतेस म्हणून शांताबाईंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, मिरचीचा हात लागला.

पुढच्या रविवारपासून आमचं जाणं ठरून गेलं. मोतीरामजींना ते फार काही आवडलं नव्हतं. दुसऱ्या का तिसऱ्या खेपेला त्यांनी नेमक्या त्या वेळी बटण बंद केलं. म्हणाले, "याच्यात काय पाह्याचं? आवाजबी नीट समजत नाही."

"तुमच्यासाठी नाहीच ते," मी म्हटलं. "हप्त्याभराचा टीव्ही तुमचा. हे पंधरा मिनिटं तिचे. तेवढेबी तुमच्याच्यानं देववत नाही का?"

मोठ्या माणसाशी असं बोलू नये, कळतं मला. पण त्यांनी बटण पुन्हा सुरू केलं.

त्यानंतर त्या खोक्याकडे मी कमलच्या डोळ्यांनी बघायला लागले, आणि माझा राग वाढतच गेला. सकाळच्या मालिकेला सगळं गाव बसायचं, कमलही बसायची, आणि कोण कोणाला काय म्हणालं ते मी तिला तुकड्या-तुकड्यांनी सांगायची. तोवर पडद्यावर दुसराच कोणीतरी रडत असे. दुपारी परप्रांतातला सिनेमा लागायचा, त्याच्या खाली इंग्रजीत अक्षरं यायची. म्हणजे बोललेलं खाली लिहून दाखवता येतं हे सरकारला ठाऊक होतं. फक्त ते कोणासाठी लिहायचं, ते ठाऊक नव्हतं.

जानेवारीत कमलनं मला कागद-पेन आणून दिलं. तिचं म्हणणं असं, की ती टीव्हीवरची बाई सगळ्या देशाला दिसते. म्हणजे हनुवटीवालीलाही दिसत असणार, जिथं असेल तिथं. तर त्या बाईला लिही, की एका रविवारी फक्त हनुवटीवर अंगठा दाबून सांग, तुला सौसरला शोधतायत. बस.

ही कल्पना मला इतकी आवडली की मी पोळ्या टाकून लिहायला बसले. हिंदीत लिहिलं, दिल्लीला मराठी कोण वाचणार. पण हात कागदावर उतरवणं किती अवघड! उजव्या हाताची मूठ, अंगठा वर, हनुवटीच्या मधोमध, दोनदा, फार जोरात नाही. चार वेळा खोडलं. शेवटी एक बाईचं तोंड काढलं, ते केसरबाईंसारखं दिसत होतं. जाता जाता माझ्या मनानं दोन ओळी जास्तीच्या घातल्या, की मालिकेच्या खालीही हिंदीत लिहून दाखवत जा, आमच्या घरचं माणूस सांगता सांगता थकतं. आणि शेवटी लिहिलं, "सौसर की कमल आपको ढूँढ़ रही है."

कमलला मी सगळं हातांनी वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून तिच्याकडे दाखवलं, ही तू. तिनं नाही म्हणून मान हलवली. मनगटावर बोटं टेकवली, मग कागदावर बोट ठेवलं, मग पुन्हा मनगटावर. पोस्ट बंद व्हायची वेळ झाली होती. मी "हो, हो" म्हटलं आणि पाकीट चिकटवलं.

उत्तर आलं नाही. कमल मात्र दर रविवारी पडद्यासमोर अशी बसायची की जणू त्या बाईनं आता तिच्याकडे बघितलंच. बातम्या संपल्या की माझ्याकडे वळायची आणि खांदे उडवायची. पुढच्या रविवारी.

फेब्रुवारीतल्या अशाच एका रविवारी शांताबाईंचा भाचा प्रभाकर पांढुर्ण्याहून आला होता. पायावर पाय टाकून तक्क्याला टेकलेला. बातम्या सुरू झाल्या तसा तो हसायला लागला.

"मामी, याची तर आमच्या पांढुर्ण्यात जत्रा भरते," तो म्हणाला. "टीव्हीच्या दुकानासमोर दर इतवारी मुके जमा होतेत. मंग काय, सारे हात नाचवून राहतेत. हिलेबी पाठवा. फुकटचा तमाशा." आणि त्यानं माकडासारखे हात हलवून दाखवले, कमलच्या पाठीमागं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुढं मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्याच्या आईचा उद्धार केला नाही एवढंच. कमलला दंडाला धरून उठवलं आणि बातम्या अर्ध्यात टाकून घरी आणलं. ती विचारत राहिली, काय म्हणाला तो? मी सांगितलं, काही नाही, मूर्ख आहे. त्या भांडणाचा मला अभिमान वाटत होता. दोन रविवार आम्ही मोतीरामजींकडे गेलो नाही. मग शांताबाईच येऊन घेऊन गेल्या. प्रभाकरनं जे सांगितलं त्यात चेष्टेशिवाय दुसरं काही असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

मे महिन्यात यांच्या चुलतभावाचं लग्न पांढुर्ण्यात होतं, रविवारी. बस मोहगाववरून गेली, कमल खिडकीपाशी बसून संत्र्यांचे बगीचे बघत होती. बुद्धवंदना झाली, हार घातले, अकरालाच जेवणं आटोपली. बायका पहुडल्या. कमलनं माझ्यासमोर दोन्ही तळवे चौकोनी धरले, म्हणजे टीव्ही. आज रविवार. इथं कोणाकडे?

"चाल, पाहू," म्हणून मी निघाले. केसांच्या पिनाही घ्यायच्या होत्या. बाजारात वळलो तर कोपऱ्यावरच्या रेडिओ-टीव्हीच्या दुकानासमोर सात-आठ माणसं उभी होती, आणि काहीच आवाज नव्हता. फक्त हात चालले होते.

प्रभाकरचा शब्द न् शब्द आठवला.

कमलनं माझा हात सोडला. गर्दीच्या कडेला जाऊन उभी राहिली. तिचे हात दोनदा वर आले आणि दोनदा खाली गेले. एका माणसानं तिला बघितलं. गळ्यात टेप, कानाच्या मागं खडू, शिंपी असावा. त्यानं भुवया उंचावल्या, तू? तशी कमलनं चौदा वर्षं साठवलेला प्रश्न विचारला. अंगठा हनुवटीवर. कुठं आहे?

शिंपी थांबला. त्यानंही अंगठा हनुवटीवर नेला, मग कमलकडे बोट केलं. तू कोण?

कमलनं तीन बोटं जुळवून मनगटावर टेकवली.

सगळ्यांचे हात थांबले. शिंप्यानं तीच खूण केली, कमलकडे बोट दाखवलं, आणि मागं वळून दुसऱ्यांना दाखवली. एका म्हाताऱ्यानं ती केली, एका शाळकरी मुलीनं केली. सगळे कमलकडे बघत होते, ओळखीचं माणूस उशिरा आल्यासारखे. मला काही कळेना. मी दुकानाच्या पायरीवर गेले. मालक देवीदास आत तारांना डाग देत, सोल्डरिंग करत बसला होता.

"भाऊ, काय म्हणून राहिले हे लोक?"

"मले बी थोडंथोडंच समजते जी," तो म्हणाला. "तो गुलाब टेलर हाये ना, त्याच्यासाठी लावत होतो पयले. मंग एकाचे दोन झाले." त्यानं कमलकडे नीट बघितलं. "हे बाई कुठली हाये?"

"सौसरची. कायले?"

"हनुवटीवर घाव असलेली एक बाई येत होती. रेल्वेतल्या गँगमनची बायको. दिवाळीपासून दर इतवारी, एक इतवार नाही सोडला. जो नवा दिसला त्याले मनगट ठोकून विचारे. मी आपला घड्याळ दाखवो तिले. मंग गुलाबनं समजावलं, ते टाइम नाही विचारत, ते तिच्या दोस्तीनचं नाव हाये. शाळेतल्या."

"मंग आज?"

"बदली झाली ना नवऱ्याची. बल्लारशाकडं कुठंसं. एप्रिलातल्या जयंतीच्या पयलेच्या इतवारी शेवटची आली होती. महिना झाला असंल." तो सोल्डरिंगची पेन्सिल खाली ठेवून म्हणाला, "लई रडली बाई जाताना."

मी पायरीवरच बसले.

ती खोड नव्हती. ते तिचं नाव होतं. सात वर्षं मी तिच्याबरोबर जेवले, तिच्याकडून हात शिकले, तिच्या मैत्रिणीचं नाव पाठ केलं, आणि तुला काय म्हणतात हे मी तिला एकदाही विचारलं नाही. मला वाटत होतं तिचं नाव कमल. ते नाव तिनं आयुष्यात ऐकलं नव्हतं. ती एकटी बसून स्वतःला हाक मारायची आणि आम्ही तिचा हात बाजूला सारायचो. दिल्लीला लिहिलं तेही तेच. समजा त्या बाईनं वाचलं असतं, सांगितलं असतं, तरी हनुवटीवालीला कसं कळणार होतं कोण ही सौसरची कमल?

समोर कमल बोलत होती. मी तिला असं बोलताना कधीच पाहिलं नव्हतं. न थांबता, न तोडता, इतकं भरभर की मला चार शब्दांपलीकडे काही लागेना. मध्येच तिनं माझ्याकडे बोट दाखवून नाकाची शेंडी बोटांनी फुगवली आणि सगळे हसले. म्हणजे माझंही नाव तिनं ठेवलं होतं. रागावले की माझं नाक फुगतं. आपलं नाव तिनं मला सांगून पाहिलं होतं, मीच पाहिलं नव्हतं.

निघताना गुलाबनं कानामागचा खडू काढून दुकानाच्या फळीवर अक्षरं लिहिली, माझ्यासाठी. प्रेमलता. हनुवटीवालीचं कागदावरचं नाव. तिच्या नवऱ्याचं नाव त्याला माहीत नव्हतं. कमलनं त्या अक्षरांकडे पाहिलंही नाही. यांनी पुढं रेल्वेत खूप विचारलं, पण बायकोच्या नावावरून गँगमन सापडत नाही.

संध्याकाळी आम्ही बसस्टँडवर बाकड्यावर बसलो. हे तिकिटाच्या खिडकीपाशी गेले होते. कमल रडत नव्हती. बल्लारशाहचा रस्ता कोणता असेल असं बघावं तशी समोर बघत होती. मी बोटांवर मोजत होते. प्रभाकर बोलला तो रविवार, त्याच्या पुढचा, त्याच्या पुढचा. जयंतीच्या आधीच्या रविवारपर्यंत आठ होतात. आठ रविवार हनुवटीवाली इथं उभी होती, आणि बसनं दीड-दोन तासांच्या अंतरावर मी माझ्या भांडणाचा अभिमान बाळगत बसले होते.

गप्प राहता आलं असतं. कमलला कधी कळलं नसतं. पण मी तिच्या गुडघ्याला हात लावला आणि सांगितलं. तो मुलगा, हात नाचवणारा. तो पांढुर्णा म्हणाला होता. टीव्ही म्हणाला होता. मला राग आला. तुझ्यापासून लपवलं. मग आठ बोटं वर केली.

कमल त्या आठ बोटांकडे बघत राहिली. मग तिनं तोंड फिरवलं.

ऐकायचं नसलं की आपण निघून जातो, दार लावतो. कमल फक्त तोंड फिरवते, आणि तेवढ्यानं आपण संपतो. तिच्या पाठीशी काही बोलता येत नाही. घरी तिला बोलवायचं तर आम्ही पाय आपटायचो नाहीतर खांदा हलवायचो, म्हशीला बोलवावं तसं. त्या दिवशी ते दोन्ही माझ्याच्यानं झालं नाही. मी उठले, बाकड्याला वळसा घालून तिच्यासमोर जमिनीवर बसले, आणि एका बोटानं माझ्या मनगटावर तीनदा आपटलं.

तिनं बघितलं. लोक आमच्याकडे बघत होते, केसरबाई ज्यांना भ्यायच्या तेच लोक.

मग तिनं माझा उजवा हात ओढून घेतला. माझी तीन बोटं एकमेकांना जुळवली, अंगठा आत मुडपला, आणि ती बोटं माझ्या नाही, तिच्या मनगटावर, त्या तीन ठिपक्यांवर एकदाच टेकवली. असं.

चौदा वर्षांत आमच्या घरातून कोणी तिला हाक मारली नव्हती. मी पहिल्यांदा मारली, तीही चुकीची. मी पुन्हा केली. तिनं मान हलवली, बरोबर. आणि मग इतका वेळ न आलेलं रडू तिला आलं. माझी बोटं आपल्या मनगटावर तशीच दाबून धरून ती रडत राहिली, आणि मला ठाऊक होतं की ती हाक तिला माझ्या हातून नको होती.